माळ्यावरून उतरवलेली केबिन

आमचा ट्रॅक्टर लहान आहे. कपाशीच्या दोन ओळींमधून अंग चोरून जाणारा. दादानं तो जुनाच घेतला होता, आणि घेतला तेव्हाच कंपनीनं तो बनवणं बंद केलेलं होतं. त्यामुळे याला केबिन पाहिजे असं म्हटलं की दुकानदार आधी माझ्याकडं बघत, मग मोबाइलमधल्या फोटोकडं, आणि मग चहा सांगत. चहा सांगितला की समजायचं, वस्तू मिळत नाही.

केबिन म्हणजे छत नव्हे. छत काय, चार नळ्या आणि ताडपत्री घेतली की कोणीही करून देतो. मला चारही बाजूंनी काच पाहिजे होती, घट्ट लागणारं दार पाहिजे होतं. विचारणाऱ्यांना मी ऊन-पावसाचं कारण सांगायचो. खरं कारण फवारणीचं होतं.

तीन वर्षांपूर्वी, पोळ्यानंतरच्या फवारणीत दादा गेला. ट्रॅक्टरच्या मागं औषधाची टाकी, दोन्ही बाजूंना फवाऱ्याच्या नळ्या, आणि कपाशी छातीला लागलेली. वारा मागून सुटला की सगळा फवारा बसणाऱ्याच्या अंगावर. दादा नाकातोंडाला दुपट्टा बांधायचा, ओला करून. ओल्या कपड्यातून औषध आत जात नाही, असं आमच्याकडं सगळेच मानतात. मीही मानत होतो. दुपट्टा सुकला की दादा धुऱ्याशी, शेताच्या बांधाजवळ, येऊन दोनदा हॉर्न वाजवायचा. मी ड्रममधल्या पाण्यात दुपट्टा बुडवायचो, पिळायचो आणि त्याच्या हातात द्यायचो. तीन दिवस मी हे काम केलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला समोरचं दिसेनासं झालं.

यवतमाळच्या दवाखान्यात तो पाच दिवस होता. चौथ्या दिवशी व्हरांड्यात हात धुता धुता तिथल्या तरुण डॉक्टरनं मला विचारलं, तोंडाला काय बांधत होते? मी सांगितलं. तो म्हणाला, "ओला कपडा फवारा ओढून घेतो हो. दिवसभर नाकातोंडावर धरून ठेवतो. त्यापेक्षा न बांधलेलं बरं." एवढं बोलून तो पुढच्या खाटेकडं गेला. त्याला पुष्कळ खाटा होत्या.

वहिनी जिन्याखाली डबा घेऊन बसली होती. "काय म्हनले डॉक्टर?" तिनं विचारलं.

"औषध आंगात भिनलं म्हनते," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. उरलेलं मी गिळलं, आणि ते आजतागायत खाली उतरलं नाही.

त्यानंतर मी त्या ट्रॅक्टरवर बसू शकलो नाही. सीटवर बसलो की तोच औषधाचा वास नाकात शिरतो. सीट डावीकडं दबलेली आहे, कारण दादा डावीकडं झुकून मागच्या नळ्या बघायचा. रस्त्यानं कोणी दोनदा हॉर्न वाजवला की माझा हात पाण्याकडं जातो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण माझ्या हाताचं मी काय करू?

दोन वर्षं मजूर लावून फवारणी भागवली. यंदा मजूर मिळेना. एका सकाळी वहिनी पदर खोचून ट्रॅक्टरजवळ उभी राहिली.

"औंदा मीच चालवीन, भाऊजी."

"तुमी?"

"काहून? बैलं हाकलेत मी. हे तर चावीवर चालते." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून ती म्हणाली, "मी दुपट्टा नीट बांधीन. सुकू देनार नाई. त्यांनं मधातच सोडून ठेवला, म्हनून झालं ते सारं."

म्हणजे तीन वर्षं ती असं समजत होती. दादानं दुपट्टा सोडला म्हणून तो गेला. आता ती तो सोडणार नव्हती.

त्याच वेळी तिला सांगायला पाहिजे होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललो असतो तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, ओला करून कोण देत होतं? म्हणून मी म्हणालो, केबिन लावल्याशिवाय ट्रॅक्टर वावरात जाणार नाही. तिला वाटलं, दीर काळजी करतो. काळजी होतीच. पण भित्रेपणा त्याच्यापेक्षा मोठा होता, आणि एक वाक्य वाचवायला मी तीन तालुके पालथे घातले.

दारव्ह्याला चहा मिळाला. बाभुळगावला एकानं केबिन आहे म्हणून बोलावलं आणि मालवाहू रिक्षाचं छत दाखवलं. मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मोबाइलवर पंजाबातले लोक थंड हवेच्या केबिनीत बसून गाणी ऐकताना दिसायचे, सगळ्या केबिनी हत्तीएवढ्या ट्रॅक्टरच्या. शेवटी दिग्रसच्या एका भंगारवाल्यानं पत्ता दिला. जवळच्या तांड्यावर एकाकडं आहे, पण तो देईल असं वाटत नाही, म्हणाला.

तांड्याबाहेर हरभऱ्याचं वावर. पावसाळ्याच्या तोंडाशी ते रिकामं होतं. त्याच्या कडेला सागाच्या चार बल्ल्यांवर ती केबिन बसवलेली होती. रानडुकरांपासून पीक राखायला माळा बांधतात, त्यावर गवताचं छप्पर असतं. इथं छपराच्या जागी ट्रॅक्टरची केबिन. काचा शाबूत, दार शाबूत. मी आयुष्यात इतका देखणा माळा पाहिला नव्हता.

मालक माझ्याच वयाचा. "माहा बा बसे त्याच्यात, जागलीले," तो म्हणाला. "आता कुंपनाले झटका मशीन लावली. डुक्कर येत नाई. बा बी नाई."

"मंग द्या मले."

"कायले पाह्यजे?"

"फवारणीले."

तो हसला नाही. बाकी सगळे हसले होते. "तुमच्या घरी झालं का कोनाले?" त्यानं विचारलं.

"भाऊ गेला."

त्यानं बल्लीला शिडी लावली. वर चढला आणि दार उघडण्याआधी त्यानं बोटाच्या पेरानं काचेवर टकटक केलं. थांबला. मग उघडलं. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाला, "सवय हाय. बा झोपेल राहे ना. एकदम दार उघडलं तर दचके." बाप जाऊन सहा महिने झाले होते.

केबिन उतरवायला तांड्यावरचे चौघे आले. दोर लावले तेव्हा एक म्हातारी धुऱ्यावर येऊन उभी राहिली. हातात फडक्यात बांधलेली भाकर. "याडी हाय माही," तो हळूच म्हणाला, "आई. अजून आनते इथं." म्हातारीनं अडवलं नाही, रडली नाही. केबिन जमिनीला टेकली तेव्हा तिनं पुढं येऊन पदरानं काच पुसली आणि मला विचारलं, "कोन बसन याच्यात?"

"माही वहिनी."

"बसू दे," ती म्हणाली, आणि भाकर माझ्या हातात दिली. ती मी परतीच्या रस्त्यावर खाल्ली. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

केबिन पिकअपमध्ये मागं उभी बांधली होती. मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो. दिग्रस सोडल्यापासून दारव्हा येईस्तोवर माझं लक्ष मागच्या काचेकडं. खड्डा आला की केबिनचं दार आतून कोणी ढकलल्यासारखं हलायचं. भर दुपार होती, रस्त्यावर माणसं होती, तरी माझ्या अंगावर काटा आला. ड्रायव्हर म्हणाला, कडी सैल आहे. मी म्हणालो, असेल.

दारव्ह्याच्या वेल्डिंगवाल्यानं दोन दिवस डोकं खाजवलं. केबिन मोठ्या ट्रॅक्टरची, आमचा बारका. खालून वीतभर कापली, मडगार्डावर अँगल बसवले, दाराची बिजागरी सरकवली. काचेभोवतीचं रबर मी स्वतः बसवलं, कारण वेल्डिंगवाला म्हणे एवढं कशाला, थोडी हवा येऊ द्या. मी त्याच्यावर खेकसलो. हवा कशी येऊ द्यायची ते मला शिकवू नको, म्हणालो. त्या बिचाऱ्याला काय माहीत. मग मी त्याच्याकडून छताला एक लहान पंखा बसवून घेतला, आणि हवा घ्यायच्या भोकाला जाळी आणि हवा गाळायला कोळशाची चपटी डबी लावायला सांगितलं. ती कल्पना मोबाइलवरच्याच एकाची. पंजाबवाल्यांनी तेवढं तरी भलं केलं.

घरी आणल्यावर वहिनीनं सोडा टाकून केबिन आतून घासली. छताला विडीच्या धुराचा पिवळा डाग होता, तो निघाला नाही. "कोनी बसत होतं वाटते याच्यात," ती म्हणाली.

"नाई. पडून होती तशीच," मी म्हणालो. एकदा खोटं बोलायची वाट पडली की पाय आपोआप तिकडं वळतात.

पोळा झाला. कपाशीवर बोंडअळी दिसायला लागली. फवारणीच्या दिवशी सकाळी मी टाकी भरली, हातमोजे घालून, वाऱ्याकडं पाठ करून. वहिनी आत बसली, दार ओढलं. घट्ट बसलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, तीन वर्षांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतल्यासारखं. झालं, सुटलो, असं मी मनाशी म्हणालोसुद्धा.

मग काचेतून बघितलं. ती पाण्याच्या बाटलीनं दुपट्टा भिजवत होती. पिळला, नाकावरून नेला, मागं गाठ मारली. फक्त डोळे उरले. आणि डावीकडं दबलेल्या त्या सीटवर ती डावीकडं झुकून मागच्या नळ्यांकडं बघायला लागली.

मी ओळीच्या तोंडाशी जाऊन ट्रॅक्टरसमोर उभा राहिलो. तिनं हातानं विचारलं, काय? मी इंजिन बंद करायची खूण केली. तिनं बंद केलं, दार उघडलं.

"काढा तो," मी म्हणालो.

"असू द्या ना भाऊजी. केबिन हाय, पन जिवाले बरं वाटते."

"ओल्या कपड्यानं गेला दादा," मी म्हणालो. "डॉक्टर म्हनले होते मले. ओला कपडा औषध धरून ठेवते. तुमाले मी सांगतलं नाई. कारन भिजवून मी देत होतो. धुऱ्यावर उभा राहून, दर वेळी, मीच देत होतो."

सांगून टाकलं. मी तयार होतो. तिनं शिव्या दिल्या असत्या तर घेतल्या असत्या, घर वाटून मागितलं असतं तर दिलं असतं. रोज तीन वर्षं मी हाच क्षण मनात घोळवला होता, आणि प्रत्येक वेळी ती मला काही ना काही बोलायची.

वहिनीनं दुपट्टा गळ्यापर्यंत खाली ओढला. माझ्याकडं बघितलंच नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती समोरच्या कपाशीकडं बघत राहिली.

"तिसऱ्या दिवशी दुपारी मी भाकर घेऊन आली होती वावरात," ती म्हणाली. "तुमी पानी आनाले गेलते. त्यांनं सोडून ठेवला होता. म्हने, गुदमरून राह्यलं, नको आता. मी भांडली त्यांच्याशी. लेकरं हायत, म्हनलं, असं कसं करता. मीच ओला केला. मीच बांधून देल्ला, पक्की गाठ मारून."

मला वाटलं होतं, ते वाक्य माझं आहे. तिच्यापुढं ठेवलं की माझं ओझं उतरेल. ते उतरलं नाही, नुसतं तिच्याकडं गेलं. ते न सांगता तिला दुपट्टा काढायला लावता आलं असतं का? ओला कपडा बांधू नका असं कृषी खात्याचा माणूस म्हणतो, एवढं सांगून भागलं असतं. त्या वेळी मला ते सुचलं नाही.

"वहिनी," मी म्हणालो.

तिनं दार ओढून घेतलं. दुपट्टा काढला, मांडीवर ठेवला, आणि मग काचेमागं तिचं तोंड उघडलेलं दिसलं, खांदे हलताना दिसले. इंजिन बंद होतं. वारा पडला होता. मी हातभर अंतरावर उभा होतो आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं.