माझ्या नावावरचे आजार

म्हसळ्याहून श्रीवर्धनकडे जाताना लागणाऱ्या एका गावात मी वाचनालय सांभाळते. पूर्वी आमच्याकडे एकच जुना कॉम्प्युटर होता. सकाळी त्याचं बटण दाबून मी झाडून घ्यायची, पेपर लावायची, पाण्याचा पिंप भरायची, तरी त्याचं आपलं उघडणं चाललेलंच. मग जिल्ह्यातली वाचनालयं एकमेकांना जोडायचं ठरलं आणि तीन नवेकोरे कॉम्प्युटर, वायफायचा डबा आणि दोन दिवस भिंतीवर वायरी ठोकणारी माणसं आली. कुठलं पुस्तक कुठल्या गावात आहे ते बसल्या जागी दिसायला लागलं. मी इतकी खूश झाले की पहिल्या दिवशी उगाचच दहा पुस्तकं शोधली.

त्यांच्याबरोबर एक चाळणीही आली. म्हणजे इंटरनेटवरचं वाईटसाईट गाळून टाकणारं सॉफ्टवेअर. प्रशिक्षणात वरच्या कार्यालयातल्या साहेबांनी तिला चाळणीच म्हटलं, म्हणून आम्हीही चाळणीच म्हणतो. मला ती पटली होती. शाळा सुटल्यावर मुलं येतात, नको ते त्यांच्या पुढ्यात यायला नको. नको ते कोणी शोधलं की पडद्यावर लाल पट्टी यायची. चांगलं पान चुकून अडकलं तर त्यासाठी अर्ज होता: वाचकाचं नाव, वय, मोबाइल, काय पाहायचं आहे आणि कशासाठी. तो मी मेलने वरच्या कार्यालयात पाठवायचा. तीनेक दिवसांत पान खुलं व्हायचं.

पहिली लाल पट्टी आली ती एका चाचांना. कुवेतला गाडी चालवून ते नुकतेच कायमचे परत आले होते आणि घरावर मजला चढवायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी ‘माडीचे नकाशे’ असं टाइप केलं आणि पट्टी आली.

“मॅडम, ही मशीन माझ्यावर का चिडली?”

मीही चक्रावले. थोड्या वेळाने डोक्यात प्रकाश पडला. चाळणीला माडी म्हणजे नारळाची, प्यायची, तेवढीच माहीत होती. चाचांना सांगितलं तर ते कानाला हात लावून म्हणाले, “तौबा! पाच वक्ताचा नमाजी माणूस मी!” आणि एवढे हसले की पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. त्यांनी मोठ्या हौसेने अर्ज भरला. कशासाठी? ‘जिना कुठून काढावा ते कळत नाही.’

पुढच्या आठवड्यात रस्त्यावरच्या कोल्ड्रिंकवाल्या ताईंना मटका कुल्फीची कृती दिसेना. तिथे चाळणीला आकड्यांचा जुगार दिसला होता. त्यांनीही हसत हसत अर्ज भरला. मलाही या सगळ्याची गंमत वाटत होती.

मग एका दुपारी भाभी आल्या. दर पंधरा दिवसांनी दोन कादंबऱ्या नेणाऱ्या, चाळिशीच्या. नवरा मस्कतला. त्या दिवशी त्यांनी कादंबऱ्या परत केल्या, नव्या घेतल्या नाहीत आणि थेट कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर जाऊन बसल्या. पेपर वाचणारे जेवायला गेले होते, हॉलमध्ये आम्ही दोघीच. पाच मिनिटांतच त्या पर्स उचलून उठल्या.

“काय झालं भाभी?”

“काय नाय. मी काय वाईट बघत नव्हते हां, मॅडम.”

मी जाऊन पाहिलं. लाल पट्टी होती आणि वर त्यांनी लिहिलेले शब्द तसेच होते: स्तनात गाठ.

भाभी दाराशी थांबल्या होत्या. मी त्यांना आत बोलावून पंख्याखाली बसवलं. महिना झाला, गाठ हाताला लागत होती. घरातला मोबाइल मुलगा अभ्यासाला घेतो, त्यात काही शोधलं तर त्याला दिसणार. सासूला सांगितलं तर ती रडून घर डोक्यावर घेणार आणि दहा मिनिटांत मस्कतला फोन जाणार. “डॉक्टरकडे जायाचाच हाय,” त्या म्हणाल्या, “पण त्याच्या आधी थोडा वाचून जाते म्हटला. डॉक्टर काय बोलतो ते कळाया पायजे ना.”

मी सवयीने अर्ज काढून पुढे ठेवला. त्यांनी पेन हातात घेतलं, पहिली ओळ वाचली आणि पेन खाली ठेवलं.

“नाव लिवायलाच पायजे?”

एवढे दिवस हा कागद मी लोकांपुढे सरकवत होते, पण तो असा कधी वाचलाच नव्हता. नाव, वय, मोबाइल, कशासाठी. कार्यालयातले कोण कोण तो वाचणार, कुठल्या फायलीत लावणार, मलाही ठाऊक नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली. मी कागद माझ्याकडे ओढला आणि त्यावर माझं नाव, माझं वय आणि माझा नंबर लिहिला. कशासाठी? ‘गाठ आहे.’

भाभी बघत राहिल्या. “अवो मॅडम, तुमचा नाव बदनाम व्हईल.”

“गाठीने कसली बदनामी?” मी म्हटलं खरं, पण पाठवण्याआधी मी तो अर्ज दोनदा वाचला.

तीन दिवस वाट पाहण्यात अर्थ नव्हता. आरोग्याच्या कपाटातून बायकांच्या दुखण्यांवरचं एक जुनं पुस्तक काढलं आणि आम्ही दोघींनी ते प्रकरण शेजारी बसून वाचलं. अवघड शब्द मी सांगितले. काही मलाही आले नाहीत, ते भाभींनी चिठ्ठीवर उतरवून घेतले. सोमवारी मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. भाभींनी चिठ्ठी काढून डॉक्टरीणबाईंना एकेक शब्द विचारला. पुढे माणगावला तपासणी झाली. रिपोर्ट येईपर्यंतच्या दिवसांत भाभी रोज येऊन नुसत्या बसायच्या. गाठ साधी निघाली. रिपोर्ट घेऊन त्या आल्या तेव्हा आधी माझ्या गळ्यात पडल्या आणि मग कपाटाकडे जाऊन तीन कादंबऱ्या काढल्या.

त्यानंतर मी नियमच करून टाकला. ज्याला नाव द्यायचं नसेल त्याचा अर्ज माझ्या नावाने. आणि गंमत अशी की मग असे वाचक बरेच निघाले.

दोनेक महिन्यांनी वरच्या कार्यालयातून साहेबांचा फोन आला. आवाज फार हळुवार.

“मॅडम, तब्येत कशी आहे तुमची?”

“बरी आहे की. का हो?”

“नाही, म्हणजे...” कागद चाळल्याचा आवाज आला. “छातीत गाठ. मूळव्याध. पाळी गेल्यानंतरचा त्रास. मग पाळी लांबल्याचा त्रास. दारू सोडवायचं औषध. घटस्फोटाचा कायदा. मॅडम, काही मदत लागली तर मोकळेपणाने सांगा. आम्ही परके नाही.”

मला हसू आवरेना, आणि त्यांना वाटलं मी रडतेय. “रडू नका मॅडम, रडू नका,” ते म्हणायला लागले. शेवटी मी धापा टाकत सांगितलं, “साहेब, नाव माझं आहे, दुखणी गावाची आहेत.”

पुन्हा कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “हे नियमात बसत नाही.”

“नाही बसत. पण तुम्हाला मूळव्याध झाली तर तुम्ही तुमचं नाव लिहून पाठवाल?”

फोन बंद झाला. आता नोटीस येणार असं धरून मी दोन दिवस जेवले नाही नीट.

तिसऱ्या दिवशी नोटिशीऐवजी साहेबच आले, बरोबर लॅपटॉप घेऊन. निवृत्तीला आलेले, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारे गृहस्थ. चहा होईपर्यंत त्यांनी कबूल केलं की चाळणीने अडवायच्या मराठी शब्दांची यादी त्यांनीच केली होती. चाळणीच्या कंपनीकडे फक्त इंग्रजीची होती. मराठीची एका संध्याकाळपर्यंत द्या, असं त्यांना सांगितलं गेलं. “शेजारच्या टेबलावर बाई बसतात हो. कोणाला विचारणार? सुचले ते सगळे घातले.”

मग आम्ही यादी तपासायला बसलो. शब्द मोठ्याने वाचायचा नाही, असं न बोलताच ठरलं. ते पडद्यावर बोट ठेवायचे, मी मान हलवायची. रोजचे पेपर वाचायला येणारे निवृत्त गुरुजी मागे उभे राहून बघत होते, हे आमच्या लक्षातच आलं नाही.

“हा ठेवा,” गुरुजी एकदम म्हणाले, “आणि याचं शुद्धलेखन चुकलंय.”

साहेब कानापर्यंत लाल झाले, पण त्यांनी वेलांटी सुधारली. जाताना त्यांनी अर्जाची प्रत मागितली आणि पेनाने नाव, वय, मोबाइल या तिन्ही ओळी आडव्या खोडल्या. “वर विचारावं लागेल,” असंही म्हणाले. वर काय विचारलं माहीत नाही, पण महिनाभरात नवा अर्ज आला. त्यात फक्त पानाचा पत्ता होता.

तो सगळ्या वाचनालयांना गेला. त्याच दिवशी तळा गावाहून एका बाईंचा फोन आला. त्याही माझ्यासारख्याच वाचनालय सांभाळणाऱ्या. कधी भेट नव्हती.

“तुम्हीच ना त्या, अर्ज बदलायला लावणाऱ्या? फार उपकार झाले हो. मी तर सगळे अर्ज आमच्या मिस्टरांच्या नावाने पाठवत होते.”

“मग त्यांना नाही आला फोन?”

“आला ना,” त्या म्हणाल्या. “उलट्या थांबल्या का, कितवा महिना, म्हणून साहेब त्यांनाच विचारत होते.”