वहिनी टेकडीखाली थांबल्या तो रविवार

पावसाचा जोर ओसरला की आमचा गट दर रविवारी डोंगरात जातो. प्रताप नगरच्या चौकातून सकाळी मिनीबस निघते आणि दिवेलागणीपर्यंत आम्ही घरी असतो. नागपूरजवळ डोंगर कुठून आले, असं बरेच जण विचारतात. सावनेर मागे पडलं, सौसरची बाजू आली की सातपुड्याचे उंचवटे सुरू होतात. सप्टेंबरात तिथे कुरडूचे गुलाबी तुरे असतात, नाल्याच्या घळीत तेरडा असतो, आणि नशीब असलं तर एखाद्या झुडपावर चढलेली लालपिवळी कळलावी दिसते. गटात शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, माझ्यासारख्या निवृत्त झालेल्या बायका आहेत. पुढे चालतात ते दातांचे डॉक्टर. त्यांच्या गळ्यात शिट्टी असते आणि ती वाजवायला त्यांना फार आवडतं.

माझा मोठा भाऊ गेला त्याच्या पुढच्याच पावसाळ्यातली ही गोष्ट. दादाचं लकडगंजात प्लायवूडचं दुकान होतं, घर दुकानाच्या वरच. तो गेल्यावर भाच्याने दुकान भाड्याने दिलं आणि तो पुण्याला नोकरीवर परतला. वहिनी एकट्या राहिल्या. भाजी दारावर घ्यायच्या, लग्नकार्याला जायच्या नाहीत. मी गेले की टीव्ही चालू असायचा आणि आवाज बंद.

"रविवारी माझ्यासंग चला," मी म्हटलं.

"तुमचे भाऊ गेले, अन् मी फुलं पाहात फिरू? लोक काय म्हणतील, ताई?"

"लोक डोंगरात नसतात."

तीन-चारदा नाही म्हणाल्या. मग एका शनिवारी स्वतःच फोन करून विचारलं, बूट कसे पाहिजे.

त्या दिवशी आम्ही घळीतून वर चढणार होतो. दोन्हीकडे काळा कातळ, मधून पोटरीइतकं पाणी, आणि कातळाच्या भेगाभेगांतून तेरडा फुललेला. गटातले निम्मे लोक फोटोसाठी ओल्या दगडांवर पालथे पडले. वहिनी कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. त्यांचं माहेर काटोलकडचं, शेतीचं.

"हा तर आमच्या बांधावर उगवते," त्या म्हणाल्या. "याच्यासाठी इतक्या दूर आणलं मले?"

घळ संपून चढ लागला तेव्हा त्या एका सपाट दगडावर बसल्या. मी इथेच थांबते, तुम्ही या जाऊन, म्हणाल्या. एकट्याला मागे सोडायचं नाही हा गटाचा नियम. डॉक्टर कुरकुरले. मी थांबते म्हटलं तर वहिनीच चिडल्या, "मी काय लहान लेकरू आहो का?" शेवटी त्यांच्याजवळ पाणी आणि चिवड्याचा डबा ठेवून आम्ही वर गेलो.

माथ्यावर कुरडू पसरलेला होता, वारा होता, पण माझं लक्ष खालीच. उतरलो तेव्हा दगड रिकामा होता. डबा नाही, बाटली नाही, वहिनी नाहीत.

डॉक्टरांनी शिट्टी फुंकली. आम्ही हाका मारल्या. मोबाईलला रेंज नव्हती. दोघे जण घळीत पाण्याच्या बाजूने पाहायला गेले, आणि ते का तिकडेच गेले हे मला कळलं. भाच्याला काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. उजवीकडे मक्याचं शेत होतं, त्यात एक पायवाट शिरलेली. मी त्या वाटेने निघाले.

शेताच्या टोकाला कौलारू घर लागलं. अंगणात एक बाई अंबाडीची पानं खुडत बसली होती, आणि तिच्यासमोर, माझ्याकडे पाठ करून, वहिनी. त्याही पानं खुडत होत्या. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांचा आवाज ऐकू आला.

"सकाळी चहा ठेवला, तर उठलेच नाही. मले वाटलं, काल दुकानात माल उतरवून थकले असतील, झोपू द्यावं. मी भाजी चिरली, आंघोळ केली, पूजा केली. चांगला तासभर झोपू दिलं. तेव्हाच हलवून पाहिलं असतं तर..."

"तुले काय माहीत राहणार वं बाई," ती बाई म्हणाली.

मी मक्याच्या कडेला तशीच उभी राहिले. हे वहिनींनी आमच्यापैकी कोणालाच सांगितलं नव्हतं. आणि मला जे माहीत होतं ते त्यांना माहीत नव्हतं. दादा गेला त्या सकाळी घरी आलेल्या डॉक्टरने मला आणि तेव्हा सुट्टीवर आलेल्या भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दादा झोपेतच, पहाटेच गेला. रडारडीत ते तिथेच राहिलं. वहिनींना कोणीतरी सांगितलंच असेल, असं आम्ही प्रत्येकाने धरून चाललो.

मी पुढे जाऊन त्यांच्याशेजारी बसले. त्या दचकल्या.

"वहिनी, दादा पहाटेच गेला होता. तुम्ही चहा ठेवला त्याच्या कितीतरी आधी. त्या सकाळी घरी आलेले डॉक्टर म्हणाले होते."

त्यांचे हात थांबले. "खरं सांगून राहिल्या?"

"दादाची शपथ."

"मग मले काहून नाही सांगितलं कोणी?"

घरातली बाई उठून आत गेली आणि तिने गुळाचा चहा टाकला. वहिनी पदराने तोंड झाकून रडल्या, बराच वेळ. मग चहा प्यायल्या आणि चहा चांगला झालाय असंही म्हणाल्या. तोवर डॉक्टर शिट्टी वाजवत मक्यातून येत होते. ते रागावले, ते बरोबरच होतं. वहिनींनी त्यांनाही चहा द्यायला लावला.

परतताना बसमध्ये त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या. पुढचे चार-पाच दिवस त्यांनी माझा फोन उचलला नाही. रागावल्या असतील तर त्यांचा हक्कच होता. शनिवारी संध्याकाळी फोन आला, "उद्या किती वाजता?"

त्या मोसमात त्या कुठेच वर चढल्या नाहीत. पायथ्याच्या वस्तीत कोणाच्या तरी अंगणात बसायच्या, आम्ही उतरून त्यांना शोधायचो. डॉक्टरांनी नियमाचं नाव काढणं सोडलं. दुसऱ्या वर्षी एका टेकडीच्या माथ्यापर्यंत आल्या, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाल्या, "वर काही नाही, नुसता वारा आहे." तरी पुढच्या वेळी पुन्हा चढल्या.

गेल्या सप्टेंबरात मला ताप होता म्हणून मी वहिनींना कळवलं, या रविवारी आपलं जाणं नाही. त्यांनी बरं म्हटलं. दुपारी गटाच्या व्हॉट्सअॅपवर फोटो आले. तरोट्याच्या पिवळ्या फुलांत सगळे ओळीने उभे, आणि मध्ये वहिनी, डॉक्टरांना हातवारे करून काहीतरी समजावून सांगताना.