मोठे टायर आणि तवंदीचा दोर

सन दोन हजार तेवीस. जानेवारी सरत आलेला, ऊसतोड जोरात, सकाळी काचेवर दव. त्या दिवशी बाळूनं पिकअपला मोठे टायर घातले. निपाणीच्या आमच्या पिकअप स्टँडवर त्याआधीही किस्से होतेच. ते साठतात जुन्या टायरसारखे. कुणी टाकत नाही, कुणी नेत नाही, भिंतीशी ढीग वाढत जातो. बाळूच्या टायरनं तो ढीग छपराला टेकला. त्यातले थोडे सांगतो.

मला स्टँडवर आप्पा म्हणतात. शिक्षण चौथी. चाळीस वर्षं ट्रक चालवला, मग स्वतःची पिकअप घेतली. स्टँडचे नियम मी घातले. त्यातला एक ध्यानात ठेवा. कुणाची गाडी अडकली आणि दुसऱ्यानं दोर लावून ओढली, तर तो दोर अडकलेल्याच्या अंगावर राहतो. पैसे देऊन फिटत नाही. चहा पाजून फिटत नाही. ज्यानं ओढलं, त्याची गाडी अडकेल तेव्हा ती आपण ओढायची. तेव्हाच फिटतो. तोवर भाड्याच्या रांगेत शेवटी उभं राहायचं.

नियम कडक आहे. घातला तेव्हा माझ्या अंगावर दोर नव्हता.

* * *

बाळू चाळिशीचा. गाडी चांगली चालवतो. आरशात फार बघतो, पण मागचं बघायला नव्हे. बेळगावच्या एका टायरवाल्यानं त्याला सांगितलं, "अण्णा, गाडी नुसती हुबी ऱ्हायली तरी लोक बाजूला सरतील." एवढ्यावर ह्यानं टायर घेतले. जुन्यापेक्षा चार बोटं उंच.

स्टँडवर आला, वळायला स्टेअरिंग पुरं फिरवलं. टायर मडगार्डला असा घासला की चहावाल्या आक्कांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. बाळूनं शेजारच्या उस्मान मिस्त्रीचा ग्राइंडर आणला आणि मडगार्ड कापायला बसला. आक्का पुढं आल्या.

"म्हस दारात मावंना म्हणून भित पाडाय लागलास व्हय रं?"

"आक्का, ही स्टाईल हाय!"

"मग त्यो तुकडा टाकू नगंस. भंगारवाला बेस्तरवारी येतोय. त्याला स्टाईल इकू."

* * *

पंधरा दिवसांत बाळूला बेळगावजवळ पोलिसानं हात केला.

"एष्टु स्पीड री?" स्पीड किती, असं त्यानं कानडीत विचारलं.

"साठ, सर! मीटरकडंच बघत आलोय."

पोलिसानं हातातलं मशीन दाखवलं. अडुसष्ट. बाळूनं शपथ घेतली. आधी आईची, मग गाडीची. पोलीस पुढं आला, वाकून टायर बघितला आणि हसला. पुढचं मराठीत बोलला. "तुझं मीटर जुन्या टायरचे फेरे मोजतंय. टायर मोठा, फेरा मोठा. गाडी पळती जास्त, मीटर सांगतंय कमी."

बाळू लगेच म्हणाला, "मग दंड मीटरला करा की, सर!"

"करतो. मीटर कुणाच्या नावावर हाय?"

* * *

तरीही बाळूच्या डोक्यात अर्धंच शिरलं. स्पीड चुकतो हे कळलं. किलोमीटरही चुकतात हे कळलं नाही.

नंदगडच्या एका भातव्यापाऱ्याचं भाडं त्यानं मीटरवर ठरवलं. गाडी खरे आठ किलोमीटर गेली की मीटर सात म्हणायचं. व्यापारी खूश. म्हणायचा, "बाळूअण्णा, तुमच्या गाडीला नंदगड लई जवळ पडतंय!" बाळूला वाटलं, आपल्या चालवण्याचं कौतुक आहे.

तिसऱ्या खेपेला व्यापाऱ्यानं हार आणला. बाळूनं मान पुढं केली. त्यानं हार टायरला घातला.

* * *

मग बाळू कुरकुरायला लागला. गाडी चढाला मरते, तिसऱ्या गिअरला ओढतच नाही. माझा मुलगा बेळगावात इंजिनिअर आहे. एका रविवारी तो आला होता. त्यानं आक्कांच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. टॉर्क म्हणाला, ओव्हरऑल रेशो म्हणाला, रेघा दाखवल्या. सगळ्यांनी माना हलवल्या.

मी आक्कांना विचारलं, "काय कळलं?"

"पोरगा हुशार हाय एवढं कळलं."

उस्मान मिस्त्री उठला. त्यानं दुकानातनं जुनी जोडी आणून टेबलावर ठेवली. इंजिनाकडनं येणारं लहान दातचाक म्हणजे पिनियन. ते ज्याला फिरवतं ते मोठं चाक म्हणजे क्राऊन.

"मोजा. पिनियनला दात धा, क्राऊनला त्रेचाळीस. म्हंजे पिनियन सव्वाचार फेऱ्यांच्या वर फिरलं की गाडीचं चाक एक फेरा फिरतंय. जुना टायर त्या एका फेऱ्यात सात फूट जायचा. ह्यो आठ जातोय. इंजिन तेच, ढांग लांब झाली. सपाटीला मजा, चढाला दम."

आक्का चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "डोस्क्यावर घागर घिऊन चढ चढताना कोण ढांगा टाकतंय? बारीक पावलं टाकायची."

माझा मुलगा ओरडला, "एक्झॅक्टली! पिनियनला आठ दात आणि क्राऊनला एकोणचाळीस अशी जोडी घातली, की पाऊल परत बारीक!"

त्यानं लॅपटॉप मिटला. आक्कांनी त्याच्याकडनं चहाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, "बरूबर उत्तर दिलंस म्हणून."

बाळूनं जोडी बदलायचा खर्च विचारला आणि टायरच काढून टाकले. जुने परत घातले.

* * *

ते मोठे टायर मी घेतले.

मला सगळं कळलं होतं. चुकलो ते त्यामुळंच. खानापूरकडच्या शेतवाटांना उंच गाडी बरी, हे खरं. उस्मान म्हणाला, "आप्पा, आधी जोडी बदला, मग टायर घाला." मी म्हणालो, "चाळीस वर्षं क्लच दाबलाय. मला शिकवू नगंस."

दिवाळीनंतर तंबाखूची पोती भरून तवंदी घाट चढत होतो. वळणावर पुढं उसाचा ट्रॅक्टर बंद पडला. मला थांबावं लागलं. ट्रॅक्टर हलला. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी पुढं जाईना. परत केलं. जळका वास आला. तिसऱ्यांदा केलं, तर गाडी मागं सरकायला लागली. उतरून चाकाला दगड लावला.

मागनं बाळू आला. गाडी रिकामी, टायर लहान. त्यानं दोर काढला, लावला, मला माथ्यावर नेऊन सोडलं. दोर गुंडाळताना एवढंच बोलला.

"आप्पा, टायर मात्र झ्याक दिसत्यात!"

दुसऱ्या दिवशी मी गाडी रांगेत शेवटी लावली. कुणाला बोलायची वेळ येऊ दिली नाही. त्याच आठवड्यात उस्मानकडनं आठ-एकोणचाळीसची जोडी बसवून घेतली. त्यानंतर गाडीनं कुठल्याही चढाला नाही म्हटलं नाही. पण जोडी बदलून दोर फिटत नाही.

* * *

आता वाट बघायची ती बाळू अडकायची. आणि बाळू अडकेना.

एवढा सांभाळून त्यानं जन्मात कधी चालवली नव्हती. आरशात बघायचा ते मागचं बघायला. पावसाळ्यात खानापूरकडं एकदा रुतला. वीस पोती एकट्यानं उतरवली, गाडी काढली, वीस पोती परत भरली. फोन केला नाही. कंबर धरून स्टँडवर आला.

मी म्हणालो, "हाक मारायची हुतीस."

"तुमाला तरास कशाला, आप्पा!"

आक्का म्हणाल्या, "ह्येनं नवस बोललाय. आप्पा रांगेत शेवटी हाईत तवर दर सोमवारी उपास."

"सोमवारी त्यो दोनदा मिसळ खातोय," उस्मान म्हणाला.

"मग नवस पावलाय म्हणायचा!"

अख्खा स्टँड हसला. मी रांगेच्या शेवटी होतो. तिथवर सगळं ऐकू येतं.

* * *

सन दोन हजार पंचवीस, जानेवारी. उजव्या डोळ्याला कमी दिसायला लागलं. मुलगा म्हणाला, बाबा, आता बास. मी विचार केला आणि गाडी विकली. घेणारा सोमवारी सकाळी न्यायला येणार होता.

शनिवारी स्टँडवर सांगितलं. आक्कांनी चहा दिला. म्हणाल्या, "सगळं निस्तरलासा आप्पा. दोर तेवढा ऱ्हायला."

मी चहा तसाच ठेवला. बाळू पलीकडं बाकावर बसला होता. त्यानं वर बघितलं नाही. थोड्या वेळानं गाडी काढून निघून गेला.

अर्ध्या तासानं त्याचा फोन आला.

"आप्पा, अडाकलोय."

"कुठं?"

"तवंदीत. तुमच्याच वळणावर."

मी गेलो. भर दुपार, रस्ता कोरडा. बाळू गाडीला टेकून उभा होता. चाकाला दगड लावलेला.

"भार काय?"

"रिकामीच हाय."

"टायर?"

"जुनंच की."

"क्लच जळला?"

"न्हाय."

"मग?"

"चढंना झालीया."

मी त्याच्याकडं बघितलं. तो घाटाकडं बघत होता. इंजिन चालू होतं, एकसारखं, काही तक्रार नाही.

"दोर लाव," मी म्हणालो.

त्यानं दोर लावला. मी पहिला गिअर टाकला. गाडी जागची उचलली. अर्ध्या चढाला मागची गाडी जवळ आली, दोर ढिला पडला. मी वेग वाढवला. पुढच्या वळणाला परत ढिला पडला. मी आणखी वाढवला.

माथ्यावर बाळूनं दोर सोडला.

फिटला.