रस्तामाच शे

"भोक पडनं म्हंजे सुपारी फुटनी, ताई. आते संबंध पक्का." भिंतीतून ड्रिल बाहेर काढत एसीवाले काका म्हणाले आणि शर्टाच्या बाहीने चष्म्यावरची धूळ पुसली. चहा प्यायले, फटफटीवर बसून गेले. मग दिसलेच नाहीत.

शहाद्यात घरी एसी बसवायचा तर यंत्रासकट सगळं काम भोक पाडणाऱ्याकडेच द्यायचं, असा रिवाज. तुम्हीही असे कारागीर पाहिले असतील, काम झकास आणि येण्याचं नाव नाही. ऊन तापू लागलं की ते आधी गावभर हिंडून भिंतींना भोकं पाडत, म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडे जायला नको. एसी मग ज्याच्या त्याच्या नशिबाने.

मला थांबायला सवड नव्हती. उष्माघाताने आजारी पडलेली आई नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती. पुन्हा ऊन बाधलं तर जड जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि त्या भोकातून दुपारच्या झळा थेट तिच्या खाटेवर यायच्या. मी त्यात फडक्याचा बोळा कोंबला, खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्या आणि सारखा फोन लावत राहिले.

"निंघनू ना ताई. रस्तामाच शे."

म्हणे रस्त्यातच आहेत, आणि मागे कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला मिक्सर ऐकू यायचा.

शेवटी चिडून दुसऱ्या एसीवाल्याला बोलावलं. त्याने भोक पाहिलं आणि हात मागे घेतला. "हाई तेसनं भोक शे. मी हात लावाव नही."

"मग नवीन पाड."

"भिंत बी तेसनीच व्हयनी ना, ताई." त्या धंद्यातला धर्मच तसा. माझ्या घराची भिंत माझी उरली नव्हती.

त्याच दुपारी आई पाणीही नको म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली. माझं धाबं दणाणलं. शेजारणीला तिच्याजवळ बसवलं आणि स्कूटर काढली. विचारत विचारत म्हसावद गाठलं, तर एका नव्या बंगल्यात हे शिडीवर, हातात ड्रिल.

"खाली उतरा," मी म्हणाले. "माझी आई मरेल."

ते मुकाट्याने उतरले. भोक अर्धंच राहिलं. बंगल्याचा मालक मागे धावला, तर त्याला म्हणाले, "येस ना भाऊ. रस्तामाच शे समजा."

दिवस मावळायच्या आत एसी सुरू झाला. ते आईच्या उशाशी बसले, वाऱ्यापुढे तळवा धरून. "माय, गार लागी ऱ्हायनं का?"

आईने मान हलवली आणि पाणी मागितलं. मला रडू आवरेना.

जाता जाता त्यांनी दुसऱ्या खोलीलाही भोक पाडलं. "पुढला उन्हाळानी सुपारी." मी त्यांना तोंडाला येईल ते बोलले. ते हसत चहा पीत बसले.

हिवाळ्यात ते गेले, छातीत कळ येऊन. आई माझ्याबरोबर त्यांच्या घरी भेटायला आली होती.

यंदा ऊन तापू लागताच तो दुसरा एसीवाला आपणहून आला. दुसऱ्या खोलीतल्या भोकासमोर उभा राहून जरा घुटमळला. "आते हात लावाले हरकत नही, ताई."

"ऱ्हाऊ दे," आई आतून म्हणाली. "तो रस्तामाच व्हई."

त्याला चहा देऊन परत पाठवलं. दुपारी फटफटी वाजली की मी अजून उठून फाटकाशी जाते.