आधी पंखा बंद

इंदिरानगरला दाजींच्या घरात पाऊल टाकलं, की ‘या, बसा’च्या आधी ऐकू यायचं, ‘‘आधी पंखा बंद करा!’’ मग भर मे महिना का असेना. हॉलमध्ये दोन महागडे ॲम्प्लिफायर शेजारी शेजारी मांडलेले, एक काचेच्या ट्यूबचा, दुसरा ट्रान्झिस्टरचा. गाण्याची एकच ओळ दाजी आधी यावर, मग त्यावर लावणार आणि आपल्या तोंडाकडे बघत बसणार. ‘‘ट्रान्झिस्टर खरं बोलतो, ट्यूब गोड बोलते,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला काडीचा फरक कळत नाही म्हटलं, तर म्हणाले, ‘‘तुझे कान नाहीत रे, डोक्याला लावलेली हँडलं आहेत!’’

माणूस वाईट नाही. माझ्या जुन्या रेडिओच्या एका पार्टसाठी त्यांनी शहरातल्या द्वारका चौकातल्या दुकानांत चार खेपा घातल्या होत्या. पण पोळ्या लाटताना ताई, माझी थोरली बहीण, गुणगुणायला लागली, की हॉलमधून ‘शूऽऽ’ यायचं आणि ती गप्प व्हायची. याचा मला तेव्हाच राग यायला हवा होता.

ताईच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. हातात आठ दिवस होते.

‘‘दाजी, मोबाइलवर तिची गाणी भरून घेऊ.’’

‘‘मोबाइलवर? पत्र्याच्या डब्यात खडे वाजवल्यासारखं! मुंबईहून चांगला माइक मागवलाय. येऊ दे.’’

माइक काही येईना. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी कुणाला न विचारता ताईच्या उशाशी मोबाइल धरला. ती गायला लागली. दोन ओळी होतात न होतात, तोच दारातून दाजी, ‘‘थांब, थांब! पंख्याचा आवाज येतोय.’’ ताई थांबली. मग तिला रडू फुटलं आणि गाणं तिथेच राहिलं. त्या वेळी मी दाजींना एक शब्द बोललो नाही, याची चीड अजून जात नाही.

माइक चार दिवसांनी आला.

परवा रविवारी गेलो, तर दाजींनी माझ्या मोबाइलवरून मागून घेतलेल्या त्याच दोन ओळी लावल्या होत्या. आधी ट्रान्झिस्टरवर, मग ट्यूबवर. दोन्हींवर शेवटी त्यांचंच ‘थांब, थांब!’ त्यांचे डोळे भरले होते. ‘‘ट्यूबवर जास्त तिच्यासारखी वाटते, नाही रे?’’

‘‘दाजी, ती इथे बसलीय!’’ मी ओरडलो. त्या घरात इतक्या मोठ्याने कुणी कधी बोललं नव्हतं.

ताई उठली. भिंतीपाशी गेली आणि तिने पंखा लावला, पूर्ण पाचवर.