पाठवणीची धून

परवा बाबांना गावाहून, केळवे-माहीमहून, बोईसरला माझ्या घरी आणत होते. गाडीत जुनी इंग्लिश गाणी लावली होती... कॉलेजात असताना मैत्रिणीच्या भावाच्या कॅसेटवर ऐकायचो, तसली. हल्ली पुन्हा त्यांचं वेड लागलंय. लेकच मला म्हणते, "आई, आवाज कमी कर!"

बाबा गावच्या बॅन्डमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. केळव्यापासून शिरगावपर्यंत लग्न कुणाचंही असो, पाठवणीला यांचीच धून. "आमच्या मास्तरांनी बांधलीली हाय," हे बाबा येईल त्याला सांगणार. डीजे आले, बॅन्ड बंद पडला, बॅन्डमास्तरही गेले. आमच्या देवघराशेजारी त्यांचा फोटो आहे.

आणि परवा गाडीत एक गाणं सुरू झालं. मी कधी न ऐकलेलं... आधी संथ गिटार, मग गाणाऱ्याचा आवाज. दुसऱ्याच ओळीला मी चाल ओळखली. पाठवणीची धून! जशीच्या तशी!

मी घाईघाईने गाणं बदलायला गेले, तर बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

पूर्ण ऐकलं त्यांनी. मी गाडी कडेला घेतली. या वयात त्यांच्याकडून एवढं एकच काढून घ्यायचं होतं का, असं वाटून मला रडूच आलं. म्हटलं, "बाबा, योगायोग असेल हो..."

"योगायोग कसला? मास्तरांकडं रेकॉर्डी होत्या, त्यातलंच हाय." मग म्हणाले, "परत लाव."

या वेळी त्यांची बोटं गुडघ्यावर चालायला लागली. एका जागी थांबली आणि बाबा चक्क हसले.

"यो बघ, कसा पुढं पलाला! मास्तर आमाला इकडं थांबवाचे. नवरी आईला सोडीत नाय, तवर हीच ओल परत परत फिरवाची. ते यात नाय. ते आमच्या मास्तरांचं."



माझ्या पाठवणीत आई मला सोडतच नव्हती. बाबा मात्र बॅन्डच्या रांगेत उभे राहून तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होते. आज तरी ते क्लॅरिनेट खाली ठेवून जवळ या ना, असं तेव्हा वाटलं होतं... खूप वर्षं राग होता मनात.

आई आता नाही. तिच्या मिठीतली ती चार मिनिटं जास्तीची मला बाबांनी वाजवून दिली होती.