राजाच्या रुपयाचा टाक

सोपान गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कारखान्याच्या फाटकासमोरच्या हॉटेलात उभा राहून नव्या पैशांवरचं भांडण ऐकत होतो. आणे जाऊन नवे पैसे आले तेव्हापासून दापोडीत रोज सकाळी हे चालतं. "एवढं सगळं बदललं, मग या खेपेला तरी कुणाचा चेहरा टाकायचा की, राव!" गणपत न्हावी तावातावाने म्हणत होता. तेवढ्यात चऱ्होलीचा एक गडी सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "आमचं सोपानआप्पा गेलं. आज पहाटं." गणपतच्या बोटांतला पैसा तसाच राहिला. मला पहिल्यांदा दुःख झालं नाही. लाज वाटते, पण लिहितो... पहिल्यांदा वाटली ती सुटका. आता ते कुणालाच कळणार नाही, असं वाटलं.

मी या कारखान्यात हजेरीकारकून आहे. ओळखणारे म्हणतील, हा घुम्या माणूस वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत कशाला लिहितोय? खरं आहे. चारचौघांत मी आयुष्यात एकदाच बोललो, आणि त्या बोलण्यानेच माझं तोंड बंद झालं. ते बोलणं माझं नव्हतं. सोपानचं होतं.

सोपान मिस्त्री आमच्या फाउंड्रीत लाकडी साचे करायचा. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचं रूप आधी सागवानात कोरायचं, हे त्याचं काम. धातू निवला की आक्रसतो, म्हणून साचा मापापेक्षा जरा मोठा धरतात. "मेलेल्या माणसाचं उलटं हाय, कारकून," तो म्हणायचा, "माणूस निवला की फुगतो. लोकं फुगवत्यात." म्हणून मी त्याला फुगवणार नाही. तो तापट होता, आपल्या पटाशीला कुणाला हात लावू द्यायचा नाही, उधार बिडी मागायचा आणि दिलेली बिडी खोकत खोकत नावं ठेवत ओढायचा. लिहिता-वाचता त्याला येत नव्हतं. पण लाकडाकडे बघून आत गाठ कुठे आहे ते सांगायचा, आणि माणसांकडे बघूनही.

प्रजासत्ताक झालं त्या वर्षीचा तो चैत्र आठवला की अजून अंगात वारं शिरतं! नाण्यांवरचा राजाचा मुखडा जाणार, हे कळलं होतं. मग तिथे येणार कोण? हॉटेलात, पाण्याच्या नळावर, जेवणाच्या सुट्टीत तोच विषय.

"महाराजांचा टाका, घोड्यावरचा!"

"घोडा आण्यावर मावंल का?"

"मग पावलीवर महाराज अन् चवलीवर घोडा!"

कुणी म्हणे महात्म्याचा. त्यावर दुसरा उसळायचा, "अन् हातभट्टीवाल्याच्या हातावर त्यांनाच ठेवायचं व्हय?" कुणी म्हणे लक्ष्मी, कुणी म्हणे राणी. गणपतचं मत एकच, "कुणाचाबी टाका, दाढीवाला तेवढा नको. आमच्या धंद्याला बरं न्हाई." शेवटी वाचनालयाने जाहीरच केलं: रविवारी दुपारी चारला पटांगणात वादसभा, विषय 'नव्या नाण्यावर कोण?' आणि उत्तम बोलणाऱ्याला बक्षीस, राजाच्या छापाचा जुना चांदीचा रुपया. राजाला घालवायच्या सभेचं बक्षीस राजाच! आम्ही पोट धरून हसलो होतो.

सोपान मात्र गप्प होता. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "मला बोलायचं हाय सभेत. तुमी लिवा, अन् मला दोनचारदा वाचून दावा. मी ध्यानात ठिवतो." मी कागद घेतला. त्याने सांगितलं ते असं.

त्याची बायको सगुणा गेली तेव्हा मुलगी हौसा लहान होती. आपल्याकडे घरचं माणूस गेलं की त्याचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात पूजतात. घरात चांदी नव्हती, राजाचे दोन रुपये होते. "सोनाराम्होरं बसलो. मुशीत राजा मऊ पडला, कारकून. आधी नाक गेलं, मग कान गेला, मग राजाच गेला. त्याच चांदीचा पत्रा केला, ठशावर ठोकला, अन् सगुणा आली वर. तिच्यावाणी दिसत न्हाई. सवाशिणीचा ठसा समद्यांचा एकच असतो. पर मी कुंकू लावलं, तवा ती झाली." मग बिडी विझवून म्हणाला, "ज्याला मानतो त्याला देव्हाऱ्यात ठिवावं. बाजारात फिरवू नये. पोरं छापा-काटा करत्यात, कुणी थुका लावून मोजतो, कुणी लाच देतो. नाण्यावर कुणीच नको. जागा रिती ठेवा, म्हनावं."

मी त्याला ते तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा मला कागदाकडे बघावं लागलं नाही.

रविवारी पटांगण गच्च भरलं. रेल्वेचे गँगमन, फाउंड्रीचे लोक, पिंपरीहून चालत आलेले, आणि एका बाजूला बायका. कोण कधी बोलणार ते चिठ्ठ्यांनी ठरलं. माझी चिठ्ठी सोपानच्या आधी निघाली. मी महाराजांवर तयारी केली होती, पण माझ्याआधीचे चौघेही महाराजांवरच बोलले, आणि लोक ओरडायला लागले, "पुढचा! पुढचा!" मी उभा राहिलो. आणि माझ्या तोंडून वाक्य आलं, "माझी आई वारली तेव्हा घरात चांदी नव्हती..."

पुढे सगळं सोपानचं. नाक गेलं, कान गेला, राजा गेला. बायकोच्या जागी मी फक्त आई घातली. माझी आई त्या घटकेला कऱ्हाडकडच्या आमच्या गावी ठणठणीत बसून ताक घुसळत असेल. पटांगण इतकं शांत झालं की रुळांवरून जाणारी ढकलगाडी ऐकू आली. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. आणि मला काय वाटत होतं? खोटं कशाला सांगू, आनंद वाटत होता! 'जागा रिती ठेवा!' म्हणून मी हात वर केला तेव्हा टाळ्यांनी वाचनालयाचे पत्रे वाजले.

मग अध्यक्षांनी सोपानचं नाव पुकारलं. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "माझं बोलून झालं," आणि खाली बसला.

लोक खो खो हसले. "मिस्त्री घाबरला!" कुणीतरी ओरडलं. तेव्हापासून दापोडीत ती म्हणच झाली. कुणी कुस्तीत कच खाल्ली, कुणी लग्नात नाव घ्यायला अडखळलं की लोक म्हणतात, "माझं बोलून झालं!" आजही म्हणतात. तो तसं का म्हणाला, हे आम्हा दोघांनाच ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी तो हजेरीच्या खिडकीशी आला. शिवी देईल, गचांडी धरेल, कशालाही मी तयार होतो. तो म्हणाला, "आई कशी हाय?" आणि आत निघून गेला. तेव्हापासून रोज, शिफ्ट कुठलीही असो, "आई कशी हाय?" आवाजात ना टोमणा ना राग. मी कधीच उत्तर दिलं नाही. रजिस्टरात डोकं घालायचो.

दुसऱ्या वर्षी आईच आली. कळवलं नव्हतं, बोचकं घेऊन स्टेशनातून सरळ फाटकाशी. मी, सोपान आणि गणपत हॉटेलापाशी उभे होतो. गणपतने विचारलं, "या कोण म्हणायच्या?" मी खिशातली चिल्लर मोजायला लागलो. सोपान पुढे झाला, आईचं बोचकं घेतलं आणि म्हणाला, "मावशी हाय त्यांची." आईला कमी ऐकू येतं, ती हसली. आठ दिवस माझी आई माझ्या दारात मावशी म्हणून राहिली. सोपान रोज संध्याकाळी यायचा, तिच्या पाया पडायचा. जाताना ती मला म्हणाली, "हा मिस्त्री मोठा गुणाचा रं. याला अंतर देऊ नको."

नवी नाणी आली तेव्हा त्यांवर कुणाचाच चेहरा नव्हता, सिंहांची मुद्रा होती. लोक मला म्हणाले, "कारकून, तुमचंच ऐकलं सरकारनं!" सोपानने नाणं उन्हात फिरवून बघितलं. मी सांगितलं, सिंह चार आहेत, दिसतात तीन. तो म्हणाला, "चौथा पाठीमागं असंल. त्याचं बोलून झालं." आणि डोळे पुसेपर्यंत हसला. त्याच्याबरोबर मीही हसलो.

दहाव्याला मी चऱ्होलीला गेलो. बक्षिसाचा रुपया आठ वर्षं ट्रंकेच्या तळाशी होता, तो खिशात घातला. हौसा आता लेकुरवाळी आहे. सगळे उठून गेल्यावर मी रुपया तिच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "तुझ्या आप्पांच्या टाकाला ही चांदी घे." आणि मग सगळं सांगून टाकलं.

तिने रुपयाला हात लावला नाही. म्हणाली, "मला ठाव हाय. दापोडीच्या एका बाईनं मलाच सांगितली गोष्ट, तुमच्या आईच्या टाकाची म्हणून. माझ्या आईची गोष्ट, मलाच! घरी येऊन आप्पाला इचारलं. ते म्हनलं, माझं बोलून झालं."

मी रुपया तिच्याकडे थोडा सरकवला.

"लोकं हसत्यात त्याला," ती म्हणाली. "माझी पोरंबी शाळंत ऐकून येत्यात. त्यांना ठाव न्हाई त्यो त्यांचा आजा व्हता. रुपया उचला, काका. आधी जेवढ्या लोकांत बोलला तेवढ्या लोकांत बोला. मग आणा."

"ती सभा आता कुठून आणू, हौसा?"

"ते तुमी बघा. तुमाला लिवता येतंय."

म्हणून हे लिहिलं. दापोडीकरांनो, त्या दिवशी टाळ्या वाजवल्यात त्या सोपानच्या होत्या. घाबरला तो मी. आणि माझी मावशी म्हणून जिला तुम्ही ओळखता, ती माझी आई. गणपतला हे काल वाचून दाखवलं. तो वस्तरा मिटून म्हणाला, "आठ वर्सं मी त्या माणसाला हसलो की, राव..."

रुपया आता टेबलावर आहे, राजा वर करून. ज्या रविवारी हे छापून येईल त्या रविवारी मी अंक आणि रुपया घेऊन चऱ्होलीला जाणार आहे, गणपतही येतो म्हणतो. हौसाला वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन. तिने रुपया उचलला तर सोनारासमोर बसेन. नाक जाईल, कान जाईल, राजा जाईल. पुरुषाचाही ठसा सगळ्यांचा एकच असतो म्हणे. असू दे. टाकाला गंध लावताना त्याला काय म्हणायचं ते माझं ठरलं आहे.

"आई बरी आहे, मिस्त्री."